सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे : शेतीच्या दायित्व विम्याची प्रस्तावना

शेतकऱ्याचे नुकसान झाले तर काय करायचे, यावर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर काय, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. पाचट पेटवले, वारा फिरला आणि शेजाऱ्याचा उभा ऊस जळाला. उसात मारलेल्या २,४-डी या तणनाशकाचे तुषार पलीकडच्या द्राक्षबागेवर गेले आणि कोवळी फूट आकसली. मारक्या बैलाने वाटेवरच्या माणसाला उडवले. रात्री कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता आणि मोटारसायकल तिच्यावर जाऊन आदळली. यांतले काहीही गावाला नवे नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी भरपाई मागतो, ती कधी चावडीवर ठरते तर कधी कोर्टात, आणि ती देताना दुभती म्हैस, दागिना किंवा जमिनीचा तुकडा विकावा लागतो. या देण्याची सोय करून ठेवणारा विमा म्हणजे दायित्व विमा. तो शेतकऱ्याला मिळावा, एवढे म्हणणे सोपे आहे आणि ते येथे गृहीत धरले आहे. पुढच्या पानांचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: तो विमा कोणाकोणाला लागू असावा आणि कोणकोणत्या घरांना? शेती एका नावावर असते, पण ती एक माणूस करत नाही. विमा त्या एका नावापुरताच असेल, तर ज्या हातांनी बहुतेक अपघात घडतात ते हात उघडेच राहतात, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

दायित्वाची कल्पना बाहेरून आणलेली आहे, असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालायची आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यायची, ही रीत १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने पक्की केली, तेव्हा विमा कंपनी कोणत्याही खेड्यापर्यंत पोचलेली नव्हती. पुढे कायदे वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर शेतकऱ्याची जबाबदारीही वाढत गेली. १९२३च्या कामगार भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतले मजूर आले. याचा अर्थ असा की मळणीयंत्रात हात गेलेल्या मजुराची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नसून कायद्याने ठरवलेले देणे आहे. उघड्या, सोडून दिलेल्या कूपनलिकांत मुले पडून मरू लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आणि बोअर घेण्याआधी कळवणे, काम चालू असताना कुंपण घालणे, पाणी न लागलेले बोअर बुजवणे ही कामे जमीनमालकाच्याही अंगावर आली. ट्रॅक्टर हे मोटार वाहन असल्यामुळे त्याला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचाच आहे. म्हणजे देणी ठरवणारा कायदा आहे, मागणारे लोक आहेत, निकाल देणारी न्यायाधिकरणे आहेत. नाही ती फक्त ट्रॅक्टरपलीकडच्या देण्यांची तरतूद.

अमेरिकेत ही तरतूद जुनी आहे आणि तिच्यातल्या उणिवाही पुष्कळ घासूनपुसून झालेल्या आहेत, म्हणून तिकडे पाहायचे. तिथली शेतकी दायित्व पॉलिसी घराचा विमा आणि धंद्याचा विमा या दोहोंच्या जोडातून बनते. तिचे संरक्षण सर्वसाधारणपणे पॉलिसीत नाव असलेल्या शेतकऱ्याला, त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या जोडीदाराला, त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकांना आणि त्यांच्या सांभाळात असलेल्या एकवीस वर्षांखालच्या मुलांना मिळते. जागांचीही अशीच यादी असते: शेत, राहते घर, मुदतीत नव्याने घेतलेली जागा, तात्पुरता मुक्काम, इतकेच काय, दफनभूमीत घेऊन ठेवलेली जागासुद्धा. यादी ऐसपैस दिसते, पण तिची सगळी मदार ‘त्याच घरात राहणारा’ या अटीवर आहे आणि शेतकरी कुटुंब नेमके तिथेच पांगते. मुलाचे लग्न होते आणि तो शेताच्या दुसऱ्या टोकाला घर बांधतो. रोज सकाळी तो बापाच्याच गोठ्यात येतो, बापाचाच ट्रॅक्टर काढतो, पण पॉलिसीच्या हिशेबात परका झालेला असतो. म्हातारे आईबाप थोरले घर मुलाला देऊन धाकट्या घरात जातात, की तेही बाहेर. शेती कंपनीच्या नावावर केली तर पंचाईत आणखी वाढते, कारण कंपनीला घरच नसते. मग घरात राहणारे नातेवाईक कोणाचे म्हणायचे? या फटी भरण्यासाठी मूळ पॉलिसीला एन्डॉर्समेंट, म्हणजे पुरवणी, जोडतात. अमुक माणूसही विमाधारक, तमुक घरही पॉलिसीतले, असे त्यात नावानिशी लिहितात आणि त्याचा वेगळा हप्ता घेतात. यातून शिकायचे ते एवढेच की जिथे हा विमा मुरलेला आहे, तिथेही छपरावरून घर ओळखण्याची पद्धत शेतीला पुरलेली नाही.

आपल्याकडे छपराआधीच अडते, कारण कुटुंब कशाला म्हणायचे हेच प्रत्येक सरकारी कागद वेगळे सांगतो. जनगणनेचे कुटुंब स्वयंपाकघरावरून ठरते. एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे ते एक घर. पीएम-किसानचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. सातबारा कुटुंब ओळखतच नाही, तो खातेदार ओळखतो. २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सुमारे दीड कोटी वहिती खाती होती आणि खात्यामागे सरासरी १.३४ हेक्टर जमीन. एवढ्या जमिनीवर राबणाऱ्यांत सून असते, भाऊ असतो, भावजय असते, शाळा सुटल्यावर मोटर चालू करायला जाणारे पोर असते. त्यांतल्या बहुतेकांचे नाव उताऱ्यावर कुठेच नसते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा, असा आग्रह धरला होता, त्याचे मूळ याच तफावतीत होते. राज्य सरकारलाही ही तफावत एकदा मान्य करावी लागली. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना आधी फक्त खातेदारासाठी होती. २०१९ मध्ये तिच्यात खातेदाराच्या कुटुंबातला, उताऱ्यावर नाव नसलेला आणखी एक सदस्य घेतला गेला. २०२३ मध्ये विमा कंपनीला बाजूला करून तीच योजना सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालू राहिली. वयाची अट १० ते ७५ वर्षे आणि अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये. हे पाऊल मोलाचे होते, यात वाद नाही. पण त्या एका सदस्याची निवड कोणातून करायची, तर आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा आणि अविवाहित मुलगी यांतून. खुरपणीला सगळ्यांत आधी जाणारी सून या यादीत नाही. वेगळी चूल मांडून शेती एकत्र ठेवलेला भाऊही नाही. लग्न झालेली मुलगी नाही, मग ती माहेरीच राहून आईची जमीन कसत असली तरी.

एखादा म्हणेल, अनुदानाची योजना वेगळी आणि दायित्वाचा विमा वेगळा, त्यांची गाठ कशाला घालता? गाठ आधीच पडलेली आहे, आणि ती ट्रॅक्टरच्या विम्यात सरळ दिसते. ट्रॅक्टर थोरल्याच्या नावावर, चालवतो धाकटा. हे घरोघर चालते. धाकट्याने कोणाला धडक दिली आणि त्याच्याकडे परवाना असला, तर विमा कंपनी त्या तिऱ्हाइताला भरपाई देते. पण ट्रॅक्टर बांधावरून उलटून धाकटाच गेला तर? मालकासाठी सक्तीचा असलेला वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून पंधरा लाखांचा झाला आहे, तो नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा. धाकटा मालक नाही. मग त्याला तिऱ्हाईत म्हणावे, तर तेही नाही. कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की दुसऱ्याचे वाहन मागून चालवणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, म्हणून चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईच्या कलमाखाली त्याच्या वारसांना त्या वाहनाच्या मालकाकडे आणि विमा कंपनीकडे मागणी करता येत नाही. ते वाहन मोटारसायकल होते, आणि ती आदळली होती बैलगाडीवर. २०२० मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडले आणि त्या प्रकरणात विमा करारात लिहिलेल्या एक लाख रुपयांपुरताच हक्क मान्य केला. समोर दुसरे वाहन असेल आणि चूक त्याची असेल, तर त्याच्याकडे मागता येते. शेतात उलटलेल्या ट्रॅक्टरसमोर कोणीच नसते. देणे लागायची वेळ येते तेव्हा धाकटा मालकासारखा, आणि घ्यायची वेळ येते तेव्हा तो मालक नव्हे, असा हा हिशेब आहे.

दायित्व विम्यात घरची माणसे वाढवण्याबद्दल जे लोक भाबडेपणाने बोलतात, त्यांनी या हिशेबाकडे नीट पाहायला हवे. कारण इथे एक उलटा परिणाम दडलेला आहे आणि माझ्या मते या विषयातला तोच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. दायित्व विमा बाहेरच्या माणसाच्या नुकसानीसाठी असतो. ज्याला आपण विमाधारक म्हणून आत घेतो, तो बाहेरचा राहत नाही. अमेरिकी पॉलिसीत विमाधारकालाच झालेली इजा वगळलेली असते, आणि ते वाजवी आहे. नाहीतर बापाने मुलावर आणि मुलाने बापावर लुटुपुटूचा दावा लावून दोघांनी पैसे वाटून घेतले असते. पण परिणाम असा होतो की भावाचे नाव पॉलिसीत घातले त्या दिवशी त्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीची सोय झाली, आणि त्याच्या स्वतःच्या नुकसानीची जी काही वाट होती ती बंद झाली. कालपर्यंत त्याचा हात कडबा कुट्टीत गेला असता तर तो निदान मागणी करू शकला असता. म्हणून माणसे वाढवायची असतील तर दोन्ही बाजूंनी वाढवली पाहिजेत. ज्याला दायित्वासाठी घरचा मानले, त्याला अपघाताच्या संरक्षणातही घरचाच मानावे, आणि यादी दोन्हीकडे अक्षराने एक असावी. महाराष्ट्रात या जोडीतला अपघाताचा भाग सरकारी योजनेने अर्धामुर्धा उभा केला आहे. त्याची यादी सुनेपर्यंत आणि भावापर्यंत नेणे हे दायित्व विम्याच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, व्हायला हवे. नुसते दायित्व वाढवणे म्हणजे घरच्या माणसाला कागदावर आत घेऊन प्रत्यक्षात उघड्यावर सोडणे होय.

घरांचे प्रकरण तुलनेने सोपे आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. पश्चिम महाराष्ट्रात गावठाणातले जुने घर आणि मळ्यातली वस्ती, अशी दोन घरे एकाच कुटुंबाची असतात. म्हातारी माणसे गावात, तरणी वस्तीवर. कोकणात गावचे घर वर्षभर बंद आणि गणपती-शिमग्याला भरलेले. त्याची देखभाल शेजारचा कोणी करतो आणि त्या घराच्या गडग्याचा चिरा कोणाच्या अंगावर पडला तर उत्तर द्यायला मुंबईचा चाकरमानी. मुले शिकायला पुण्याला किंवा संभाजीनगरला खोली घेऊन राहतात, आणि खोलीत गॅसने पेट घेतला तर घरमालक मुलाच्या नव्हे, बापाच्या मागे लागतो. आपल्या विमा कंपन्यांच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचा भाग असतो, पण तो पत्ता लिहिलेल्या एका घराभोवती बेतलेला. शेतकरी कुटुंबाचे पत्ते तीन असतील तर तीन लिहून घ्यावेत, एवढेच करायचे आहे. यात शहाणपणाची गोष्ट इतकीच की रिकामे घर आणि भाड्याने दिलेले घर यांना एकाच मापाने मोजू नये. भाडे आले की धंदा आला. २०२०च्या कृषी पर्यटन धोरणानंतर मळ्यात खोल्या बांधून पाहुणे ठेवणारे वाढले आहेत, आणि थंडीतल्या हुरडा पार्ट्या तर नगर-सोलापूरकडे तिकीट लावून होतात. पैसे देऊन आलेला पाहुणा कठडा नसलेल्या विहिरीत पडला, तर तो प्रसंग घराच्या पुरवणीत बसवण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. त्याला धंद्याचाच विमा हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात व्यापारासाठी नेला जाणारा भाजीपाला शेतीकामात धरायला नकार दिला होता. ही रेषा घरांनाही तशीच लागू पडेल.

माणसे आणि घरे वाढवली की हप्ता वाढेल आणि तो गरीब शेतकऱ्याला झेपणार नाही, हा आक्षेप सर्वांत आधी येतो. यात अर्धे तथ्य आहे. धोका वाढतो, म्हणून हप्ता थोडा वाढणारच. पण दायित्व पॉलिसीत विमाधारक वाढले म्हणून भरपाईची कमाल मर्यादा वाढत नसते. पाच लाखांची पॉलिसी एका माणसाची असो वा सहा माणसांची, एका अपघाताला कंपनी देणार ते पाच लाखच. त्यामुळे हप्ता माणसांच्या पटीत वाढवण्याला काही आधार नाही. उलट, एकाच अपघातात घरातल्या तिघांवर दावा लागला तर त्या पाच लाखांत तिघे वाटेकरी, ही अडचण ग्राहकाची आहे आणि एजंट ती सहसा सांगत नाही. म्हणून यादी लांबवताना मर्यादाही डोळसपणे ठरवावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गावात कोण कोणावर दावा लावतो? पंच बसतात आणि मिटवतात. हे खरे आहे, पण मिटवणे फुकट होत नाही. जळालेल्या उसाचा अंदाज काढून रक्कम ठरते आणि ती रोख द्यावी लागते. कोर्टाचा शिक्का नसतो एवढाच फरक. विम्याने इथे खरी अडचण निर्माण होते ती वेगळी. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल केली किंवा तडजोड केली तर क्लेम नाकारण्याची तरतूद दायित्व पॉलिसीत असते, आणि आपल्याकडे चांगला शेजारी आधी चूक कबूल करतो. म्हणून ठरावीक रकमेपर्यंत पंचांसमोर झालेली लेखी तडजोड कंपनीने मान्य करावी, अशी सोय आपल्या पॉलिसीत हवी. अमेरिकी पॉलिसीत पाहुण्याच्या औषधोपचाराचा लहानसा खर्च चूक कोणाची हे न पाहता देतात, त्याला समांतर अशी ही सोय होईल. अमेरिकी मसुदा जसाच्या तसा भाषांतरित केला तर हे कलम राहून जाईल.

तिसरा आक्षेप बनवेगिरीचा. एक रुपयात पीक विमा योजनेत बोगस अर्ज किती आले हे सर्वांनी पाहिले, आणि २०२३ला सुरू झालेली ती योजना २०२५ मध्ये गुंडाळावी लागली. मग नातेवाइकांच्या याद्या घेऊन कोण बसणार? पण पीक विम्यात जमीन खोटी दाखवता आली, कारण अर्ज भरायला रुपयापलीकडे काही पडत नव्हते आणि भरपाई थेट अर्जदाराच्या खात्यात यायची. दायित्व विम्यात पैसे नुकसान झालेल्या बाहेरच्या माणसाला मिळतात. खोटी भावजय यादीत घालून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. घरातल्यांचे आपसातले दावे वगळलेले असतातच. बनवेगिरीला वाव राहतो तो अपघाताच्या बाजूला, आणि तिथे नावे अपघातानंतर नव्हे, पॉलिसी घेतानाच लिहून घेणे हा साधा बंदोबस्त आहे. अपघातानंतर सदस्य ठरवण्याची मुभा माणुसकीची वाटते खरी, पण विम्यात ती टिकत नाही.

यादी कितीही लांबवली तरी काही गोष्टी तिच्या बाहेरच राहतील, आणि राहाव्यात. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली आणि माणूस मेला, तर तो गुन्हा आहे. त्याची शिक्षा कोणताही विमा भोगू शकत नाही, आणि भरपाईची जबाबदारीही जाणूनबुजून केलेल्या बेकायदा कृत्याची म्हणून कंपनी नाकारील. फवारणीचे प्रकरण मधले आहे. प्रदूषण वगळणारे कलम बहुतेक दायित्व पॉलिसीत असते आणि वाऱ्याने गेलेले तणनाशक त्यात मोडते की नाही, यावर भांडण ठरलेले. अमेरिकेत २०१७ मध्ये डायकांबा तणनाशक उडून सुमारे छत्तीस लाख एकर सोयाबीनला इजा झाल्याचा अंदाज मिसुरी विद्यापीठाच्या तज्ज्ञाने काढला होता. एवढा फटका बसल्यावर विमा कंपन्या सावध होणारच. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांशेजारी ऊस किंवा मका करणाऱ्याने आपल्या पॉलिसीतले हे कलम आधी वाचावे, माणसांची यादी नंतर.

शेतावर महिनोन् महिने राहणारी, पण कुटुंबात न मोडणारी माणसे या पानांत घेतलेली नाहीत. सालगडी शेतातल्या खोलीत बायकामुलांसह राहतो, ऊसतोड टोळीच्या कोप्या फडाशेजारी पडतात. अमेरिकी पॉलिसीतही शेतावर राहणाऱ्या नोकरांसाठी वेगळा विचार असतो. आपल्याकडे त्यांचा हक्क कामगार भरपाईच्या कायद्यातून येतो, मुकादमाच्या उचलीच्या कराराने तो गुंतागुंतीचा होतो, आणि मालक कोणाला म्हणायचे, शेतकऱ्याला, मुकादमाला की कारखान्याला, हा वाद आधी सुटावा लागतो. त्यांना घरच्या माणसांच्या पुरवणीत कोंबणे कंपनीच्या सोयीचे असले तरी त्यांच्या हिताचे नाही, कारण विमाधारक झाले की इजेची मागणी करण्याचा तिऱ्हाइताचा हक्क तेही गमावतील.